सुरमईचं झबलं

आमच्या मांजरीचं, सुरमईचं, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन ठरलेल्या दिवशी झालंच नाही, कारण पहाटे पाच वाजता आईने तिला सुक्या बोंबलाचा तुकडा घातला.

रात्री दहानंतर पोटात काही जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिची वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातली होती. लेकीने फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली होती. पण आई पहाटे उठते तेव्हा चष्मा लावत नाही, आणि सुरमईला पहाटे आईच्याच पायांत घुटमळायची सवय. दोनदा कण्हल्यासारखं म्यांव केलं असेल, आईला राहवलं नसेल. मला पत्ताच नाही. मुलुंड पूर्वेला आमच्या घरापासून दवाखाना रिक्षाने सात मिनिटांवर. पाचव्या मिनिटाला सुरमईने पिंजऱ्यात उलटी केली आणि त्यात बोंबील स्वच्छ ओळखू येत होता.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण ऑपरेशनला ठाम नकार दिला. भूल चढली की गिळण्याचं, ठसका लागण्याचं भान जातं. पोटातलं वर आलं तर ते सरळ श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात जाऊन बसतं. ऑपरेशन नीट होऊनही जनावर न्यूमोनियाने जाऊ शकतं, ते असं. "पण रात्रभर उपाशी ठेवायचं ते मोठ्या मांजराला. अगदी पिल्लू असेल तर इतका वेळ नाही, साखर खाली येते. आणि पाणी तोडू नका," असं सांगून त्यांनी पुढच्या गुरुवारची वेळ दिली.

घरी आल्यावर मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "उपाशी पोटान खय नेतत काय कोणाक?"

आईचा विरोध त्याच्या आधीपासूनचा. ती मूळची देवगडकडची. पन्नास वर्षं परळच्या चाळीत काढली, चाळ पाडायला घेतली तेव्हा आमच्याकडे आली. सुरमईच्या ऑपरेशनचा विषय निघाल्यापासून तिचा एकच प्रश्न होता, "तिका इचारलंस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. दवाखान्यात संमतीचा जो कागद पुढे करतात, त्यावर खाली 'मालकाची सही' अशी रेघ असते. भुलेत जिवाला धोका असू शकतो, हे मान्य करून सही मी केली. जिच्या अंगावर सुरी चालणार ती बाजूला पिंजऱ्यात बसून पंख्याकडे बघत होती.

सुरमई आम्हाला ऑगस्टमध्ये सोसायटीच्या मीटर रूममध्ये सापडली, ओल्या पुठ्ठ्यावर, तळहाताएवढी. राखाडी रंगाची म्हणून लेकीने सुरमई नाव ठेवलं. आईलाही नाव पसंत पडलं, तिची कारणं वेगळी. जानेवारीच्या शेवटी एका रात्री अडीच वाजता ती ओरडायला लागली. त्याला म्यांव म्हणता येणार नाही. घशाच्या तळातून येणारा, लांबत जाणारा, बाळाच्या रडण्यासारखा आवाज. फरशीवर लोळायची, मग पुढचे पाय टेकून मागचं अंग वर उचलायची, शेपटी एका बाजूला. मला वाटलं, पोट दुखतंय किंवा मणक्याला काही झालंय. मी व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवायच्या घाईत असताना आईने अंथरुणातून मान वर करून एकदा बघितलं.

"माजावर इली हा," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

साडेपाच महिन्यांची होती. मी वर्षभर तरी वेळ आहे असं धरून चालले होते. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकतं, आणि त्याचं शरीर फार चोख हिशेबाने चालतं, हे मला पुढच्या आठ दिवसांत कळलं. भाटीचं, म्हणजे मांजरीचं, बीज बहुतेक वेळा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. तो झाला नाही तर माज आठवडाभर राहतो, ओसरतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत हजर. गर्भ राहिला तर नऊ आठवड्यांत पिल्लं. ती अंगावर पीत असतानाच आई पुन्हा माजावर येऊ शकते. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून एकाच टोपलीत काळं, पिवळं आणि कबरं शेजारी शेजारी निजलेलं दिसतं. थंड देशांत हिवाळ्यात दिवस आखडले की हा कारभार काही महिने बंद राहतो. मुंबईत दिवस तेवढा आखडतच नाही. आपल्याकडे बारमाही.

तिसऱ्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'कोणाचं बाळ रडतंय? प्लीज डॉक्टरला दाखवा.' चौथ्या रात्री आमच्या तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर एक जाड गालांचा बोका येऊन बसला. तो पाइपावरून चढला असावा. त्याने खिडकीच्या जाळीवर जी धार सोडली, तो वास फिनेलने गेला नाही, लिंबाने गेला नाही.

माज या शब्दाची मला गंमत वाटते. माणसाला 'माज आलाय' म्हटलं की ती शिवी. गाईला, म्हशीला, मांजरीला येतो तो ऋतू. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द लहान पोरीही बिनदिक्कत वापरतात, आणि आम्ही शहरातले 'हीटवर आली' म्हणून इंग्रजीचा पदर घेतो. खच्ची करणं तसंच. मुळात ते बैलाचं. पूर्वी तर बैल बडवत, म्हणजे वृषण दगडांत धरून ठेचत, आणि भूल वगैरे काही नाही. आता वर्तमानपत्रात रोज कुणाचं ना कुणाचं खच्चीकरण होत असतं, कार्यकर्त्यांचं, पोलिसांचं, मराठी शाळांचं. बैल तेवढा मागे राहिला.

सगळ्यात घोळ मात्र 'नसबंदी'ने घातलाय. माणसाची नसबंदी म्हणजे बीज वाहून नेणारी नळी बांधणं. ग्रंथी जागेवर राहतात, संप्रेरकं पाझरत राहतात, माणूस होता तसाच राहतो. कुत्र्या-मांजरांचं जे करतात ते हे नव्हेच. नराचे वृषण काढतात. मादीची बीजकोशं आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. 'निर्बीजीकरण' हा सरकारी वाटणारा शब्द उच्चारताना जीभ अडखळते, पण तो खरं बोलतो. आणि एकदा हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. संप्रेरकंच गेली म्हणून माज बंद, ओरडणं बंद, आणि बोक्याची ती धार बहुतांशी बंद. त्यामुळेच भूकही बदलते, खर्च होणारी ताकद कमी होते आणि तेवढंच खाऊ घालत राहिलात तर जनावर वर्षभरात तक्क्यासारखं होतं.

आमच्या समोरच्या विंगमधले एक काका त्यांच्या टायगरबद्दल, लॅब्राडोरबद्दल, बोलताना आवाज खाली आणतात. "नको वाटतं हो. पुरुष आहे तो शेवटी." मी त्यांना हसायचे. नंतर वाचलं की त्यांचा उशीर अगदीच चुकीचा नाही, फक्त कारण चुकीचं आहे. मोठ्या अंगाच्या जातींमध्ये, विशेषतः गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्राडोरमध्ये, हाडांची वाढ पुरी व्हायच्या आधी ऑपरेशन केलं तर पुढे सांध्यांचे त्रास वाढतात, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 पासून दाखवलंय. त्यांच्या बाबतीत वर्ष-सव्वा वर्ष थांबायला डॉक्टरच सांगतात. एक वृषण खाली उतरलंच नसेल तर मात्र रेंगाळू नये, पोटात राहिलेल्या वृषणात गाठ व्हायची शक्यता जास्त. आणि काकांची दुसरी आशा, की ऑपरेशन केलं तर टायगर डिलिव्हरीवाल्या मुलांच्या अंगावर जायचा थांबेल, ती मी फार वाढू दिली नाही. मादीच्या मागे उंडारणं कमी होतं, नरानरांतल्या मारामाऱ्या कमी होतात. भीतीपोटी भुंकणारा कुत्रा ऑपरेशननंतरही भितो. शिवाय नर त्याच दिवसापासून निर्बीज होत नाही. आधीचं साठलेलं बीज काही आठवडे पुरतं, तेवढे दिवस त्याला माद्यांपासून लांबच ठेवावा लागतो.

माझ्या आतेभावाकडे ठाण्याला राणी नावाची पॉमेरियन होती. पांढरीशुभ्र, पावसाचा पहिला थेंब पडला की पलंगाखाली. "एकदा तरी पिल्लं होऊ देत" या वाक्यावर तिचं ऑपरेशन नऊ वर्षं पुढे ढकललं गेलं. ती पिल्लंही कधी झाली नाहीत, कारण जोडीला पसंत पडेल असा नर मिळाला नाही. नवव्या वर्षी मे महिन्यात ती खूप पाणी प्यायला लागली. ऊनच तसं होतं. मग खाणं टाकलं, मग उलट्या. चौथ्या दिवशी सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाशय पुवाने तट्ट भरलेलं. याला पायोमेट्रा म्हणतात. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी होतो. खालून पू वाहिला तर लवकर लक्षात तरी येतं. राणीचं गर्भाशयाचं तोंड मिटलेलं होतं, बाहेर थेंबही आला नाही. रात्री ऑपरेशन झालं, शांत झोपेतल्या निरोगी पोटावर जे होऊ शकलं असतं तेच, आता तापात आणि विषात. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

स्वीडनमध्ये विम्याच्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा, की ऑपरेशन न झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण चारात एकीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार गाठतो. मला हा आकडा राणी गेल्यावर कळला. एकदा तरी वेत झालंच पाहिजे, त्याने प्रकृती सुधारते, या समजाला वैद्यकात काहीही आधार नाही. उलट पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालेल्या माद्यांना स्तनांच्या गाठींचा धोका कमी, असंच सांगतात. आणि मांजरीच्या बाबतीत अशी गाठ झालीच तर ती बहुतेक वेळा कॅन्सरची निघते.

तोटे नाहीतच असं म्हणणारा डॉक्टर मला आवडला नसता. काही कुत्र्यांना ऑपरेशननंतर वय झाल्यावर झोपेत लघवी ठिबकते. वजनाचं वर आलंच. भुलेचा धोका निरोगी, तरुण जनावरात थोडा, पण शून्य नाही. म्हणून आधी रक्त तपासतात, निदान यकृत आणि मूत्रपिंड भूल पचवतील की नाही हे बघायला. काही ठिकाणी ही तपासणी विचारल्याशिवाय करत नाहीत. आपण विचारावी. भूल इंजेक्शनची की गॅसची, जनावर शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसणार, घरी दुखण्यावर औषध काय, हेही विचारावं. आमचं बिल सगळं धरून साडेसहा हजार झालं, हे मी आईला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी बोंबलाचा डबा मी रात्रीच माझ्या कपाटात कुलुपात ठेवला.

सकाळी नऊला नेलं, दुपारी दोनला परत दिली. डाव्या कुशीवर मुठीएवढा चौकोन भादरलेला आणि त्यात बोटाच्या पेराएवढी रेघ, दोन टाक्यांची. काही डॉक्टर पोटाच्या मध्यावर छेद घेतात, आमच्या डॉक्टर कुशीतून. घरी आणली तेव्हा तिचे डोळे सताड उघडे होते, आतल्या कोपऱ्यातला पांढरा पडदा अर्ध्यावर आलेला. चालायला जायची आणि मागचे पाय दुसऱ्याच दिशेला जायचे. मांजरं भुलेत डोळे मिटत नाहीत, बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून मलम घालतात, हे आधी सांगितलेलं असूनही मला बघवेना. अंग गार पडलं होतं. भुलेनंतर ऊब टिकत नाही. पलंगावर नको, पडेल, म्हणून जमिनीवरच गोधडी घातली. पंखा बंद केला.

आई पाय पसरून तिच्याशेजारी बसली. "दुखता तिका. अर्धी तापाची गोळी दी," म्हणाली, आणि डब्यातून पॅरासिटामॉल काढलीसुद्धा. मी ती अक्षरशः हिसकावली. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कोंबडं पाळणाऱ्या, म्हशीची वार पडेपर्यंत गोठ्यात जागलेल्या माझ्या आईला कुणी जनावराबद्दल नवीन काही सांगतं याचंच आश्चर्य वाटलं असावं. ती मुकाट्याने गोळी घेऊन गेली आणि डबाच वरच्या फळीवर ठेवून आली.

गळ्यातली प्लास्टिकची कॉलर सुरमईने एक दिवस सहन केली. दाराच्या चौकटीला थडकायची, पाण्याच्या भांड्यात कॉलर बुडवून सगळीकडे तळं करायची. दुसऱ्या संध्याकाळी दया येऊन मीच काढली, दहा मिनिटांसाठी. फोन वाजला. परत आले तेव्हा ती मान वळवून मन लावून कूस चाटत होती, आणि एक टाका सुटलेला. मांजराची जीभ म्हणजे कानस. पुन्हा रिक्षा, पुन्हा पिंजरा, पुन्हा टाका. त्या रात्री आईने तिची मऊ झालेली जुनी सुती साडी काढली, चार पायांना चार भोकं कापली, पाठीवर नाड्या शिवल्या. पाठीमागून शेपटीला मोकळीक राहील असा काठ दुमडला. आमच्या घरातल्या सगळ्या बाळांची झबली तिनेच शिवली, माझ्या लेकीचंसुद्धा. हिरव्या फुलांचं झबलं घालून सुरमई पाच मिनिटं पुतळ्यासारखी पडून राहिली, मग उठली आणि जेवायला गेली. दहा-बारा दिवस चाटू द्यायचं नाही, उड्या नाहीत, आंघोळ नाही. कॉलरने जे झालं नाही ते या झबल्याने निभावलं.

तिसऱ्या रात्री मला जाग आली तेव्हा आई अजून गोधडीशेजारीच होती. मी चहा टाकला. ती सुरमईच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मला न बघता म्हणाली, "मिया मोजलंय. तेवीस."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

परळला आमच्या मजल्यावर एक तिरंगी भाटी होती. तिरंगी म्हणजे जवळजवळ नेहमीच मादी. ती वर्षातून दोन-तीनदा कोळशाच्या खोक्यात विणायची. आम्ही पोरं दूध घेऊन धावायचो. चार-पाच दिवसांनी खोकं रिकामं. पिल्लं मासळी बाजारात सोडली, तिथे त्यांना रोज ताजे मासे मिळतात, असं आई सांगायची, आणि आम्हाला हेवा वाटायचा. कितीतरी वर्षं मी या गोष्टीकडे वळून पाहिलं नव्हतं. मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस लागतात. मासे चावायला महिना उलटावा लागतो. ज्यांचे डोळेच मिटलेले होते, ती कुठले मासे खाणार होती? आमच्या आईने हे ओळखलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं. मजल्यावर बारा बिऱ्हाडं, एक संडास, आणि दर वेताला ती कापडी पिशवी तिच्याच हातात यायची, कारण बाकीच्या बायका रडायच्या.

मजा म्हणजे बैलघोडा हॉस्पिटल चाळीपासून चालत पंधरा मिनिटांवर. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्याच आवारात 1886 पासून पशुवैद्यकीय कॉलेज. पण तिथे बैल, घोडा, फार तर साहेबाचा कुत्रा न्यायचा. चाळीतल्या, कुणाच्याच नसलेल्या मांजरीला तिथे न्यायचं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

या शहराने जास्तीच्या जनावरांचा हिशेब बराच काळ पिशवीनेच केला. 1832 साली कंपनी सरकारने भटक्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं तेव्हा कोटातले पारशी दुकानं बंद करून रस्त्यावर उतरले होते. तरी मारणं चालूच राहिलं, अगदी विसाव्या शतकाच्या शेवटाकडेपर्यंत. 2001 मध्ये देशभरासाठी नियम आले: पकडा, निर्बीज करा, रेबीजची लस द्या, उचललं तिथेच परत सोडा. 2023 मध्ये ते नव्याने आले. आमच्या गेटवरच्या काळूच्या कानाला जी त्रिकोणी खाच आहे, ती कुणी चावल्याची नाही. भुलेतच कापतात, म्हणजे तोच कुत्रा पुन्हा पोट फाडायला उचलला जाऊ नये. लेक लहान असताना काळूच्या त्या कानाला हळद लावून आली होती.

मी आईला यातलं काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्या वेळी नव्हतंही. तिने चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि उरलेला थेंब सुरमईला चाटायला द्यायला बशी पुढे केली. मी बशी उचलली.

टाके अकराव्या दिवशी निघाले. झबलं धुऊन गॅलरीत वाळत घातलंय, आणि भादरलेल्या चौकोनात आता मखमलीसारखे बारीक केस आलेत, मूळच्यापेक्षा एक छटा गडद. सुरमई रात्री ओरडत नाही. छज्जावरचा बोका दोन दिवस येऊन बसला, मग यायचा बंद झाला. तो खाली पार्किंगमध्ये दिसतो, पांढऱ्या भाटीच्या मागे.

काल संध्याकाळी आई गॅलरीत उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. मग आत येऊन, भाजी निवडायला बसता बसता तिने विचारलं, "त्या खालच्या पांढऱ्या भाटयेचा काय करूचा?"